संगीतात राहून पोट भरायचं तर खरंच कोणत्या वाटा आहेत? (स्टेज सोडून)

पेटीवाली_सांगली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी 24 वर्षांची, सांगलीची. बी.कॉम. झालंय, गांधर्व मंडळाची हार्मोनियमची विशारद पूर्ण झालीय. साडेदहा ते सहा एका पतसंस्थेत काउंटरला बसते, पगार 14 हजार. संध्याकाळी घरी अकरा पोरं पेटी शिकायला येतात, एकाचे महिन्याला 500. मधूनमधून भजनी मंडळाला नाहीतर गाण्याच्या परीक्षांना साथीला जाते, परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक तीसेक मुलांना वाजवते, प्रत्येकाची पट्टी वेगळी, घरी येते तेव्हा भाता मारून डावा हात भरून आलेला असतो, पण खरं सांगते त्या दिवशी जेवढी झोप शांत लागते तेवढी एरवी लागत नाही.

मागच्या आठवड्यात आईने विचारलं, "हे असं किती दिवस गं?" ती टोमणा मारत नव्हती, काळजीनेच विचारत होती, म्हणून तिला नीट उत्तर द्यावंसं वाटतंय. मी सोलो वाजवणारी कलाकार होणार नाही हे मला दोन-तीन वर्षांपूर्वीच कळलं, हात तेवढा तयार नाही, आणि त्याचं आता दुःखही नाही. पण आयुष्यभर नोटा मोजायच्या नाहीत एवढं पक्कं आहे. स्टेजवर नाव झालेल्या लोकांच्या मुलाखती खूप वाचल्या, त्यातून माझ्यासारखीला काही हाती लागत नाही. तुमच्यापैकी जे संगीताच्या आसपासच्या कामावर घर चालवतात त्यांनी आकड्यांसकट सांगाल का?

मुक्काम_पोस्ट_बार्शी
नोकरी सोडू नका एवढंच आत्ता सांगतो. बाकी वाचतोय.

काळी_चार
ताई, मी पुण्यात तबल्याची साथ करतो, बारा वर्षं झाली, पूर्ण वेळ हेच. आकडे मागितलेत म्हणून मोकळेपणाने लिहितो.

हे शेतीसारखं आहे, हंगाम असतो. गणपतीत सुरू होतं, नवरात्र, मग दिवाळी पहाट (त्या चार-पाच दिवसांत एका दिवशी दोन कार्यक्रमही होतात, पहाटे साडेपाचला एक आणि रात्री एक), मग डिसेंबर-जानेवारीचे महोत्सव, मार्चपर्यंत बरं चालतं. एप्रिल ते जुलै जवळजवळ शुकशुकाट. माझं गेल्या नोव्हेंबरचं उत्पन्न 62 हजार आणि जूनचं साडेचार हजार. साडेचारच, शून्य चुकलेलं नाही. पहिली चार वर्षं मी नोव्हेंबरचे पैसे नोव्हेंबरात उडवायचो आणि जूनमध्ये उसनवारी करायचो. आता बायको हंगामात येईल ते एका खात्यात टाकते आणि दर महिन्याला घरात ठराविक रक्कम काढते, तेव्हापासून घरातली भांडणं थांबली.

दुसरं म्हणजे साथीदाराचं मानधन आधी ठरवून घ्या. "बघू, कार्यक्रम झाल्यावर पाकीट देतो" असं म्हटलं की त्या पाकिटात काय निघेल हे देवालाच ठाऊक. एका आयोजकाने आम्हा तिघांना कोकणात नेलं, मध्यरात्री कार्यक्रम संपला आणि तो फोन बंद करून निघून गेला, आम्ही एसटी स्टँडवर तबला डग्गा उशाला घेऊन झोपलो. तेव्हापासून निघायच्या आधी निम्मे पैसे आणि प्रवासखर्च खात्यात आल्याशिवाय मी घर सोडत नाही. सुरुवातीला लोक रागावले, आता तेच लोक वेळेवर पाठवतात.

पेटीच्या साथीला तबल्यापेक्षा माणसं कमी आहेत हे तुमच्या बाजूने आहे. त्यात गायिकांना बाई साथीदार असली की प्रवासात बरं पडतं, असं मला दोन-तिघींनी सांगितलंय.

कोथरूडचा_रसिक
सगळे आकडेच बोलताय. कलेत पहिल्या दिवसापासून पैशाचा विचार केला तर कला राहते का? आमच्या गुरुजींनी आयुष्यभर एका खोलीत संसार केला पण रियाज चुकवला नाही. आजच्या पिढीला सगळं पटकन हवंय.

शाळेतल्या_बाई
@कोथरूडचा_रसिक, तुमच्या गुरुजींबद्दल आदर आहे, पण त्या एका खोलीत त्यांच्या पत्नीने काय काय सोसलं हेही कुणीतरी लिहायला हवं. मुलीने पैसे कसे मिळवायचे एवढंच विचारलंय, कला विकते असं नाही म्हटलं.

पेटीवाली, तुला अगं म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी संगीतात एम.ए. केलं, प्राध्यापकीसाठी लागते ती सेट परीक्षा दिली, पास झाले आणि पाच वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे शून्य, आणि ते पैसेही पाच-सहा महिन्यांनी एकदम यायचे. कायम जागा निघेल या आशेवर माझी तिशी गेली. एम.ए. करू नकोस असं नाही म्हणत, शिक्षण म्हणून मला त्याचा फार उपयोग झाला, पण प्राध्यापकी मिळेलच असं धरून करू नकोस.

मग मी शाळेत आले. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिकला संगीत शिक्षकाचं स्वतंत्र पद असतं, त्याला संगीताची पदवी लागते, जाहिरात कधी निघते यावर लक्ष ठेवावं लागतं. मोठ्या शहरातल्या खासगी शाळाही संगीत शिक्षक घेतात. पगार सगळीकडे सारखा नाही, पण महिन्याच्या महिन्याला येतो आणि मे महिन्याचाही येतो.

घरच्या क्लासबद्दल एक बघून ठेव. तुझ्या अकरांतली किती मुलं दहावीच्या आतली आहेत? परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक पाठवतात, आणि दहावीचा निकाल लागला की मुलं गळतात. माझ्याकडे चौदांपैकी नऊ एका जूनमध्ये गेली होती. म्हणून नुसत्या शाळकरी मुलांवर क्लास उभा करू नकोस. साठीच्या पुढचे लोक शिकायला घे, ते परीक्षेसाठी येत नाहीत, चुकत नाहीत, फी पहिल्या तारखेला देतात. माझ्याकडे एक निवृत्त काका आहेत, तीन वर्षं भूप रागच वाजवतायत आणि अजून रोज नवा सापडल्यासारखे खुश असतात.

पेटीवाली_सांगली
बाई, आत्ता वही काढून बघितली. अकरातली आठ दहावीच्या आतली. बापरे. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

सनीवेलची_आई
आमच्या बाजूने लिहिते, आम्ही अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. माझा मुलगा दहा वर्षांचा, त्याला पुण्याचे एक सर झूमवर पेटी शिकवतात, तासाला आम्ही 15 डॉलर देतो. इथल्या मराठी मंडळात किमान सहा घरं शिक्षक शोधतायत.

वेळेचं गणित तुमच्यासाठी फार सोयीचं आहे. उन्हाळ्यात आमचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. तुम्ही साडेदहाला कामावर जाता, म्हणजे सहा ते नऊ मोकळे आहेत. फक्त नोव्हेंबरात आमची घड्याळं एक तास मागे जातात, मग तेच साडेपाच तुमचे सात होतात, तेव्हा वेळापत्रक आधीच बोलून ठेवा, दरवर्षी त्या आठवड्यात गोंधळ होतोच.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी आमच्या सरांना पहिले दोन महिने माहीत नव्हती. झूमला तानपुरा हा पंख्याचा आवाज वाटतो. एकसारखा चालणारा कुठलाही आवाज तो दाबून टाकतो, त्यामुळे सर तिकडे तानपुरा लावून बसायचे आणि इकडे आम्हाला मधूनच तुटक पेटी ऐकू यायची, मुलाला वाटायचं पेटीच बिघडलीय. सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू करायचं, दोन्हीकडे. आणि एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका, आवाज पोचायला उशीर होतो, लय जुळत नाही. तुम्ही वाजवा, मग मूल वाजवेल, अशी पाळीपाळीने.

काळी_चार
तानपुऱ्याचं अगदी बरोबर. माझा एक विद्यार्थी डब्लिनला आहे, त्याला डग्ग्याची मींड ऐकूच जायची नाही. तेच सेटिंग.

मृदंग_आळंदी
रामकृष्णहरी. तुम्ही सगळे मैफलीचंच धरून चाललाय म्हणून लिहितो. मी पखवाज वाजवतो. आळंदीत शिकलो, जोग महाराजांनी 1917 ला सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे तिथे, आणि तिच्या आसपासही आता पुष्कळ जण शिकवतात. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह असतात, सात दिवस रोज कीर्तन, काकडा, हरिपाठ. कीर्तनकार, मृदंगाचार्य, गायक, पेटीवाला, सगळ्यांना बोलावणं असतं. मराठवाडा, नगर, नाशिक भागात तर हंगामात माणूस मिळत नाही.

ह्यात शहरातल्या लोकांचं लक्ष नसतं पण महाराष्ट्रात संगीतावर जगणाऱ्यांत आमच्यातले लोक कमी नाहीत. जेवणखाण, राहणं गावाकडे. पैसा ठरवून मागायची पद्धत सगळीकडे नाही, बिदागी मिळते, ती गावाच्या ऐपतीवर. दुष्काळी वर्षी आम्ही पण कमी घेतो. माझं घर ह्याच्यावर उभं आहे, बहिणीचं लग्न ह्याच्यावर केलं.

ताई, बायकांची भजनी मंडळं आता खूप वाढलीत, त्यांना पेटी शिकवणारी बाई हवी असते. तुमच्या सांगलीतच पंधरा-वीस मंडळं सापडतील.

फोंड्याचो_भुरगो
मृदंग माउलींना अनुमोदन. आमच्या गोव्यात देवळांतून भजनं अजून जोरात आहेत, कला अकादमीची भजन स्पर्धा म्हणजे गावाची इज्जत पणाला लागते, महिना महिना तालीम चालते. त्यामुळे पेटी-तबला शिकवणाऱ्याला गावातच काम असतं. शिवाय पणजीला संगीताचं सरकारी कॉलेज आहे. माझ्या काकाने तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं आणि पेन्शन घेतोय, शेजारपाजारचे त्याला सर म्हणून मान देतात. तर संगीत शिक्षकाला मान नाही असं सगळीकडे नसतं हो.

इअरफोन_काढ
मी आवाजाच्या दुसऱ्या टोकाला आहे. गायचो, बरं गायचो, पण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षांचा साउंडचा कोर्स केला आणि आता सिरियल, जाहिराती, ऑडिओबुक यांचं साउंडचं काम करतो. गाण्याचा कान रोज वापरतो. निवेदकाचा सूर दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगला अर्ध्या स्वराने खाली आलाय हे मला मीटर न बघता कळतं, ते रियाजाने दिलंय.

धाग्यावर जे कुणी चाली लावत असतील त्यांच्यासाठी, आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासदत्व घ्या. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. गायक-वादकांसाठी इसाम्रा (आधीचं नाव इस्रा) ही वेगळी संस्था आहे. पैसे सुरुवातीला चहापाण्याचे असतात पण आपल्या नावावर नोंद झालेली असणं महत्त्वाचं आहे. माझ्या एका मित्राने जिंगलच्या कागदावर न वाचता सही केली, ती जिंगल आठ वर्षं वाजली, त्याला एकदाचे 5 हजार मिळाले ते मिळाले.

कानाची_डॉक्टरीण_नव्हे
मी थोडं वेगळं लिहू का? मी दहा वर्षं गाणं शिकले आणि मग बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची पदवी घेतली. लोक म्हणाले गाणं सोडलं. मला तसं कधीच वाटलं नाही.

परवा एक चार वर्षांची मुलगी आली होती, श्रवणयंत्र पहिल्यांदा लावलं. मी आधी बोलत नाही, एक छोटी घंटा वाजवते. ती खेळत होती ती थांबली. आईकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि घंटेला बोट लावून बघितलं. आवाज त्यातून येतोय का ते. मग तिने माझा हात धरून परत हलवला. तिच्या बाबांना खोलीत थांबवेना, ते बाहेर गेले. मला षड्ज लागल्यावर जे होतं तेच झालं.

पगार पोटापुरता व्यवस्थित आहे. ज्यांची मुलं गातात आणि बारावी सायन्सला आहेत त्यांनी ह्या क्षेत्राची माहिती जरूर घ्यावी.

पेटीवाली_सांगली
तुमचं वाचून डोळे भरले. मी कॉमर्सची, त्यामुळे ते दार माझ्यासाठी बंद आहे, पण माझी धाकटी चुलत बहीण बारावी सायन्सला आहे आणि गाते, तिला हा धागा पाठवलाय.

कोथरूडचा_रसिक
शाळेतल्या बाईंनी माझ्यावर आवाज चढवला तो योग्यच होता, मी रात्री विचार केला. गुरुजींच्या पत्नी शिवणकाम करायच्या, आम्ही शिकत असताना आतल्या खोलीतून मशीनचा आवाज यायचा. तेव्हा आम्हाला त्याचा अडथळा वाटायचा.

असो, मूळ प्रश्नावर. पेटीवर मैफलीत नाव कमावणं तसंही कठीण, ते वाद्य मुळात आपलं नाहीच, रेडिओने तर त्यावर बंदी घातली होती.

मिरज_लाइन
घातली होती, 1940 ला, आणि 1971 ला उठवायला सुरुवातही केली. तेवढ्या वेळात महाराष्ट्रात एक नाटक, एक कीर्तन, एक गाण्याचा क्लास पेटीवाचून झाला नाही. वाद्य कुणाचं हे वाजवणारे ठरवतात हो.

आक्षेपात दम आहे तो सुराचा. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं, एकेक भाग 100 सेंटचा, त्यात शुद्ध गंधार 400 सेंटवर येतो. तानपुरा चांगला जुळला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो 386 च्या आसपास. हा 14 सेंटचा फरक कान तयार असलेल्या माणसाला टोचतो. म्हणून काही वादक आपल्या पेटीचे सूर (आतल्या पितळी जिभा) कानसून गंधार तानपुऱ्याशी जुळवून घेतात, त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. आणि ते करून देणारी माणसं आता शोधावी लागतात.

पेटीवाली ताई, मी ह्याच मुद्द्यावर येत होतो. तुम्ही सांगलीच्या, मिरज दहा किलोमीटरवर. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पेपरात फोटो आले, सगळ्यांना अभिमान वाटला. पण त्या गल्लीत जाऊन बघा, नवी पोरं किती बसतात कामाला. पेटी दुरुस्तीचं तर त्याहून अवघड. माझ्या पेटीचा खर्जाचा एक सूर बोलत नव्हता, दुरुस्त करणारे चाचा म्हणाले दोन महिन्यांनी या. दोन महिने! एवढं काम पडून आहे. तुम्हाला विशारदपर्यंतचा कान आहे, हात नाजूक कामाचा आहे, हिशोब येतो. हे काम शिकायचा विचार केलात का?

मुक्काम_पोस्ट_बार्शी
हे बेस्ट आहे. आमच्याकडे भजनी मंडळाची पेटी सोलापूरला न्यावी लागते, जाऊन-येऊन एक दिवस आणि मिळायला तीन आठवडे. घरी येऊन दुरुस्त करणारं कुणी असेल तर आसपासची दहा गावं मिळून बोलावतील.

इअरफोन_काढ
पियानो ट्यूनर घरी येतो तसं. तालुक्याला महिन्यातून एक वार ठरवून दिला की लोक पेट्या घेऊन एका जागी येतील.

शाळेतल्या_बाई
पेटीवाली, आणखी एक राहिलं. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, महिन्याला 5 हजार, दोन वर्षं, गुरूकडे शिकण्यासाठी. तू 24 ची आहेस, वेळ दवडू नकोस.

पेटीवाली_सांगली
चार महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण इतक्या जणांनी मनापासून लिहिलं आणि मी नुसतं धन्यवाद म्हणून गायब झाले ते मला बरं वाटत नव्हतं.

नोकरी सोडलेली नाही (बार्शीकर, ऐकलं तुमचं). सनीवेलच्या ताईंमुळे सकाळी तीन मुलं झूमवर आहेत, आठवड्याला एकेक तास, आणि त्या तिघांचे महिन्याचे पैसे आताच माझ्या पगाराच्या जवळ आलेत. घड्याळाचा गोंधळ झाला, पण सांगितलेलं असल्यामुळे निभावला. बायकांची दोन मंडळं शिकवतेय, शनिवारी. शिष्यवृत्तीसाठी लागणारी कागदपत्रं जमवलीत.

आणि रविवारी मिरजेला जाते. एका चाचांकडे. नाव लिहित नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "बेटा, बायका हे काम करत नाहीत." मी म्हटलं, "बघू तर द्या." पहिले तीन रविवार कानस हातात दिलीच नाही. नुसत्या पेट्या उघडायच्या, पुसायच्या, स्क्रू वाटीत क्रमाने लावायचे. एका भजनी मंडळाच्या पेटीत सुरांच्या खाली काय निघालं सांगू, तांदळाचे दाणे, अबीर, उदबत्तीची काडी आणि झुरळाची अंडी. काळी पाचचा सूर फसफसत होता तो त्या अबिराने. कुंचल्याने साफ केला, परत बसवला, पट्टी दाबली आणि तो खणखणीत बोलला. मी किती वेळ तीच एक पट्टी दाबत बसले होते.

चौथ्या रविवारी कानस दिली. सुराची पितळी जीभ असते, तिच्याखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून आधार द्यायचा आणि मग घासायचं. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन-तीन घासे, फुंकर, ऐकायचं. परत. घाईत जास्त गेलं तर पितळ परत येत नाही, दुसऱ्या बाजूने घासून भरून काढायचं म्हणजे जीभ पातळ होते आणि एक दिवस भजन रंगात आलं असताना तुटते. चाचा ट्यूनर बघत नाहीत. मी आधी कानाने लावते, मग मोबाइलवर तपासते, आता फरक दोन-तीन सेंटच्या आत यायला लागलाय. गेल्या रविवारी पूर्ण पेटी मी लावली, खर्ज-नर दोन्ही सुरांचे संच, साडेसहा तास लागले. चाचांनी सगळ्या पट्ट्या एकदा वरून खाली वाजवल्या, मंद्र सप्तकातल्या कोमल निषादावर थांबले, म्हणाले हा परत बघ. बाकीच्यांबद्दल काही बोलले नाहीत. मंडळाने दिलेल्या 800 मधले 400 माझ्या हातावर ठेवले.

आईला ते पैसे दाखवले. ती म्हणाली, "आणि हे शिकायला किती वर्षं लागतील?" मी म्हटलं चाचा म्हणतात पाच. ती म्हणाली, "मग तू तिशीच्या आत शिकशील की."

@मिरज_लाइन, तुमच्या खर्जाच्या सुराचं काय झालं? अजून पडून असेल तर रविवारी पेटी घेऊन या. आणि कुणाला माहीत असेल तर सांगा, पट्टीच्या खाली लावतात ते पातळ मऊ चामडं सांगली-कोल्हापुरात कुठे मिळतं? चाचांकडचं संपत आलंय.

मिरज_लाइन
पडूनच आहे. रविवारी दहाला येतो. चामड्यासाठी कोल्हापुरात चपला करणाऱ्यांकडे विचारून बघतो, शेळीचं पातळ मिळतं का ते, नमुना घेऊनच येतो.